मॅनेज्ड स्विच: डब्यातलं सॉफ्टवेअर समजलं तर नेटवर्किंगचा धंदा टिकतो



मागच्या व्हिडिओत आपण सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगच्या कामाचं कोटेशन कसं बनवायचं ते बघितलं. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच होता. "सर, साधा स्विच लावला तरी नेट चालतं, कॅमेरे दिसतात. मग दुप्पट-तिप्पट पैसे देऊन मॅनेज्ड स्विच गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशाला मारायचा?"

प्रश्न चोख आहे. पण व्हिडिओत पाच मिनिटांत उरकण्यासारखं उत्तर नाही, म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. ज्यांना कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी नेटवर्किंगचं काम सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी ही पहिल्या वर्षाची शिकवणी आहे. माझी मी पैसे मोजून घेतली, तुम्हाला फुकट देतो.

माझं एक गिऱ्हाईक कसं गेलं

मी हे काम नवीन करत होतो तेव्हाची गोष्ट. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याचं काम मिळालं. ऑफिस, स्टोअर, डिस्पॅच आणि शॉप असे चार भाग. मी आधी मॅनेज्ड स्विच धरून कोटेशन केलं होतं. दुसऱ्या पार्टीचा रेट कमी आला म्हटल्यावर घाबरलो, मॅनेज्ड काढून चार साधे स्विच टाकले आणि ऑर्डर घेतली. काम झालं, पेमेंट झालं, वर्षाचं एएमसीसुद्धा मिळालं. मी खूश.

तीन महिन्यांनी शनिवारी दुपारी मालकांचा फोन. "काय ओ, काय टाकून गेलाय आमच्यात? बिल निघंना, वजनकाटा कॉम्प्युटरला दिसंना, गाडी भरून दारात उभी हाय!"

गाडी काढली आणि गेलो. चारही स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते. इंटरनेट बंद, टॅली बंद, कॅमेरे बंद. स्विच बंद करून चालू केला की अर्धा मिनिट बरं, परत तेच. साध्या स्विचला विचारणार काय? त्याला ना स्क्रीन, ना लॉगिन, ना नोंद. एकेक केबल काढायची, बघायची, परत लावायची. शेवटी साडेतीन-चार तासांनी सापडलं. स्टोअरमध्ये टेबल हलवताना कुणालातरी एक पॅच कॉर्ड लोंबकळताना दिसली. त्या भल्या माणसाने ती नीट रिकाम्या पोर्टमध्ये खोचून ठेवली. तिचं दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं.

एवढंच. एक केबल, दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. गाडी त्या दिवशी गेली नाही. एएमसी संपल्यावर मालकांनी पुन्हा दिलं नाही, आणि मी मागूही शकलो नाही. कारण त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "हे परत होणार नाही याची गॅरंटी काय?"

ही गॅरंटी देणारी गोष्ट मॅनेज्ड स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर आहे. ते समजून घेऊ.

साधा, स्मार्ट आणि मॅनेज्ड: फरक काय?

स्विच म्हणजे एका मशीनकडून आलेला डेटा नेमक्या दुसऱ्या मशीनकडे पोचवणारा डबा. इथे एक अभिमानाची गोष्ट सांगतो. आज आपण वापरतो तशा अनेक पोर्टच्या इथरनेट स्विचची सुरुवात 'कल्पना' नावाच्या कंपनीने केली. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीचं नावही त्यांच्या पत्नीच्या नावावरून ठेवलेलं. सिलिकॉन व्हॅलीतल्या या कंपनीचा सात पोर्टचा 'इथरस्विच' १९९० मध्ये आला आणि १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

साधा स्विच लावला की चालतो, पण त्याला काही सांगता येत नाही आणि विचारता येत नाही. मॅनेज्ड स्विच हा खरं तर छोटा कॉम्प्युटर असतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते. सिस्कोची आयओएस, ज्युनिपरची जुनोस, मायक्रोटिकची राउटरओएस ही त्यातली नावं. दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे 'स्मार्ट' स्विच. त्याला ब्राउझरमधून उघडायचं पान असतं आणि निवडक सोयी असतात. छोट्या गिऱ्हाइकाला बऱ्याचदा तोच पुरतो.

या सॉफ्टवेअरशी बोलायचे तीन रस्ते आहेत. एक, ब्राउझरमधलं पान. दोन, कमांड लाइन; यात कन्सोल केबल जोडून किंवा नेटवर्कवरून कमांड टाइप करायच्या. तीन, क्लाउड, म्हणजे कंपनीच्या ॲपमधून मोबाइलवर. सुरुवात ब्राउझरपासून करा, पण कमांड लाइन शिकाच. स्विच नेटवर्कवर दिसेनासा झाला की कन्सोल केबलच कामाला येते. ती बॅगेत नसलेला माणूस म्हणजे पाना न घेता आलेला प्लंबर.

आता यातल्या सोयी. डब्यावर चाळीस नावं छापलेली असतात. आपल्याकडच्या कामात सहा गोष्टी रोज लागतात.

१. लूप थांबवणं: स्पॅनिंग ट्री

माझ्या त्या शनिवारचं औषध हेच. इथरनेटच्या पाकिटावर "एवढ्या वेळा फिरलास की मर" असा आकडा नसतो. म्हणून गोल रस्ता मिळाला की सगळ्यांसाठी पाठवलेलं पाकीट फिरतच राहतं, त्याच्या प्रती होत राहतात आणि काही क्षणांत नेटवर्क भरून जातं.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला. स्विच एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, आपल्यातला एक 'मुखिया' ठरवतात आणि गोल रस्ता दिसला की त्यातली एक वाट बंद ठेवतात. मुख्य वाट तुटली की बंद ठेवलेली वाट उघडते. जुन्या पद्धतीत या बदलाला तीस ते पन्नास सेकंद लागायचे. २००१ मध्ये आलेल्या 'रॅपिड' प्रकारात हे काम बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत होतं.

साइटवर तीन गोष्टी करा:

- रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू आहे का ते स्वतः बघा. सगळ्या स्विचमध्ये ती आधीपासून चालू असेलच असं नाही.
- मुखिया तुम्ही ठरवा. प्रत्येक स्विचची प्रायोरिटी ३२७६८ असते आणि सगळ्यात कमी आकडा जिंकतो. सगळे सारखे असतील तर ज्याचा मॅक ॲड्रेस लहान, तो मुखिया होतो. म्हणजे कोपऱ्यातला जुना, खटारा स्विचसुद्धा सगळ्या कारखान्याचा मुखिया होऊन बसू शकतो. मुख्य रॅकमधल्या चांगल्या स्विचला ४०९६ द्या, विषय संपला.
- टेबलावरच्या पोर्टना 'एज पोर्ट' करा आणि त्यावर 'बीपीडीयू गार्ड' लावा. कुणी तिथे दुसरा स्विच जोडला किंवा केबल उलटी खोचली, तर तेवढा एक पोर्ट बंद होतो. बाकी कारखाना चालू राहतो आणि नोंदीत त्या पोर्टचा नंबर मिळतो.

माझे चार तास या एका ओळीच्या नोंदीने वाचले असते.

२. एका स्विचचे तीन स्विच: व्हीलॅन

गुजरीतलं एखादं सराफी दुकान डोळ्यांसमोर आणा. बिलिंगचे दोन-तीन कॉम्प्युटर, वीस कॅमेरे, आणि गिऱ्हाइकांना बसल्या बसल्या वायफाय. साध्या स्विचवर हे सगळं एकाच खोलीत बसल्यासारखं असतं. वायफायवरचा अनोळखी मोबाइल आणि बिलिंगचा कॉम्प्युटर एकमेकांचे शेजारी! सराफाला हे असं सांगितलं की तो खुर्चीत सरळ होतो.

व्हीलॅनने एकाच स्विचचे आतल्या आत भाग पाडता येतात. बिलिंगला १०, कॅमेऱ्यांना २०, पाहुण्यांच्या वायफायला ३० असे नंबर द्या. पाकिटाला चार बाइटचा टॅग लागतो आणि त्यावरून ते कोणत्या भागाचं ते कळतं. याचं स्टँडर्ड ८०२.१क्यू, आणि त्यात ४०९४ पर्यंत नंबर वापरता येतात. आपल्याला चार-पाच पुरे.

दोन शब्द पाठ करा. एका मशीनसाठी एकाच भागात ठेवलेला पोर्ट म्हणजे 'ॲक्सेस'. अनेक भाग एकत्र वाहून नेणारा, स्विच ते स्विच जाणारा पोर्ट म्हणजे 'ट्रंक'. ब्रँडप्रमाणे नावं बदलतात. काही जण 'टॅग्ड' आणि 'अनटॅग्ड' म्हणतात. कल्पना तीच.

इथे नव्या लोकांची एक चूक हमखास होते. व्हीलॅन पाडले, गिऱ्हाइकाला "आता सुरक्षित" म्हणून सांगितलं आणि निघाले. पण हे सगळे भाग शेवटी राउटरला जाऊन मिळतात. राउटरवर आडकाठी घातली नसेल तर तो एका भागातून दुसऱ्या भागात बिनदिक्कत जाऊ देतो. भिंत बांधली आणि दार सताड उघडं ठेवलं, असा प्रकार. म्हणून काम संपल्यावर स्वतःचा मोबाइल पाहुण्यांच्या वायफायला जोडा आणि बिलिंग मशीनला पिंग करून बघा. उत्तर आलं, तर काम झालेलं नाही.

३. केबलमधून वीज: पीओई

कॅमेरा आणि वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला नेटवर्क केबलमधूनच वीज देता येते, हे तुम्हाला माहीत आहे. स्विचच्या पोर्टमधून मिळणारी वीज स्टँडर्डप्रमाणे अशी: २००३ च्या एएफ प्रकारात १५.४ वॅट, २००९ च्या एटी प्रकारात ३० वॅट, आणि २०१८ च्या बीटी प्रकारात ९० वॅटपर्यंत. केबलमध्ये थोडी वीज जाते, म्हणून कॅमेऱ्यापर्यंत याहून कमी पोचते.

खरी मेख पोर्टच्या आकड्यात नाही, स्विचच्या एकूण बजेटमध्ये आहे. समजा स्विच २४ पोर्टचा आहे आणि त्याचं एकूण बजेट २५० वॅट आहे. तुम्ही २४ कॅमेरे जोडले. दिवसा प्रत्येकी ७ वॅट धरले तर १६८ वॅट, मस्त चालतं. रात्री अंधारात बघण्याचे इन्फ्रारेड दिवे लागले आणि तोच कॅमेरा १२ वॅट घेऊ लागला की हिशोब २८८ वर. बजेट संपलं. आता काही कॅमेरे बंद पडतील, आणि तेही नेमके रात्री. सकाळी तुम्ही बघायला जाल तेव्हा सगळं झकास! कोटेशन करताना कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला जास्तीत जास्त वॅटचा आकडा धरा आणि वर थोडी जागा ठेवा.

मॅनेज्ड स्विचमध्ये कोणता पोर्ट किती वॅट घेतोय ते दिसतं. वीज कमी पडली तर आधी कोणता कॅमेरा जगवायचा, तेही ठरवता येतं. तिजोरीवरचा कॅमेरा पहिला, पार्किंगचा शेवटी.

आणि धंद्यासाठी सोन्यासारखी सोय म्हणजे लांबून पोर्टची वीज बंद-चालू करणं. गगनबावड्याच्या एखाद्या रिसॉर्टमधला कॅमेरा हँग झाला. भर पावसात पन्नास-पंचावन्न किलोमीटर जाऊन प्लग काढून परत लावायचा, की घरी बसून एका क्लिकवर तेच करायचं? एएमसीमध्ये नफा राहतो तो अशा न झालेल्या फेऱ्यांमधून.

४. स्विचला प्रश्न विचारणं: काउंटर आणि नोंदी

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. आपल्याकडे फाउंड्री आणि मशिन शॉपची कामं भरपूर. तिथे भट्टी, मोठ्या मोटारी, वेल्डिंग यांच्या जवळून तांब्याची केबल नेली की विजेचा गोंगाट तिच्यात शिरू शकतो. गिऱ्हाईक म्हणतं, "नेट स्लो आहे." तुम्ही लॅपटॉप लावता, तेव्हा सगळं ठीक. मग भांडण इंटरनेटवाल्याशी.

मॅनेज्ड स्विचवर प्रत्येक पोर्टचे काउंटर असतात. किती पाकिटं गेली, किती आली आणि किती खराब झाली. खराब पाकिटांचा, म्हणजे सीआरसी एररचा आकडा एकाच पोर्टवर वाढत असेल तर दोष बहुधा त्या केबलमध्ये, क्रिंपिंगमध्ये किंवा तिच्या रस्त्यात आहे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना, किंवा अंतर १०० मीटरच्या पुढे असेल तेव्हा सरळ फायबर टाका. त्याला विजेचा गोंगाट लागत नाही आणि वळवाच्या पावसात दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नसणं हेच बरं.

याच भागात दुसरं गणित येतं. ३२ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे १२८. हे सगळं एका १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून एनव्हीआरकडे नेलं तर रेकॉर्डिंग तुटक येणारच. अपलिंक किमान एक गिगाबिटची घ्या. पोर्ट किती भरलाय ते स्विच दाखवतो, फक्त बघायची सवय हवी.

एसएनएमपी नावाच्या सोयीने हे आकडे एका जागी गोळा करता येतात. त्यातला व्ही-३ प्रकार वापरा, जुन्या प्रकारात पासवर्ड उघडा जातो. सिसलॉगने सगळ्या स्विचच्या नोंदी एका मशीनवर येतात. आणि स्विचचं घड्याळ एनटीपीने जुळवून घ्या, नाहीतर नोंदीत तारीख भलतीच दिसते आणि ती नोंद कुणाच्या कामाची राहत नाही.

याला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, आणि नमूद केलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. प्रायव्हेट लिमिटेड गिऱ्हाइकासमोर ही माहिती ठेवा. तुम्ही केबल ओढणारे राहत नाही, सल्लागार होता.

५. कुलूप लावणं

एक प्रसंग कायम घडतो. कर्मचाऱ्याला केबिनमध्ये वायफाय कमी मिळतं. तो घरचा जुना राउटर आणतो आणि भिंतीतल्या पोर्टला उलटा जोडतो. तो राउटर आपल्या मर्जीने सगळ्या ऑफिसला आयपी ॲड्रेस वाटायला लागतो. निम्म्या लोकांचं नेट बंद, निम्म्यांचं चालू, कारण कुणालाच कळत नाही. 'डीएचसीपी स्नूपिंग' चालू केलं तर ॲड्रेस वाटायचा हक्क तुम्ही ठरवलेल्या पोर्टलाच राहतो. बाकीच्यांचं वाटप स्विच अडवतो.

सोबत एवढं करा: कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्या दहा मिनिटांत बदला, टेलनेट बंद करून एसएसएच वापरा, रिकामे पोर्ट बंद ठेवा आणि स्विचचं लॉगिन पान इंटरनेटवर उघडं ठेवू नका. न वापरलेली सोय बंद करा. एप्रिल २०१८ मध्ये काय झालं बघा. सिस्कोच्या काही स्विचमध्ये 'स्मार्ट इन्स्टॉल' नावाची सोय आपोआप चालू असायची. नवीन स्विच सहज बसवता यावा म्हणून ती दिलेली होती आणि तिला पासवर्ड लागत नव्हता. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या अशा स्विचमध्ये घुसून हल्लेखोरांनी सेटिंग पुसली आणि तिथे अमेरिकेचा झेंडा ठेवला. इराणच्या मंत्र्यांनी त्यांच्या देशातल्या साडेतीन हजार स्विचचा आकडा सांगितला होता. गरज नसलेली एक सोय चालू राहिली, त्याची ही किंमत.

६. सेव्ह, बॅकअप, अपडेट

हा भाग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. बऱ्याच स्विचमध्ये तुम्ही केलेला बदल लगेच लागू होतो, पण तो तात्पुरत्या मेमरीत असतो. वेगळं सेव्ह केलं नाही आणि रात्री लाइट गेली की सगळं पहिल्यासारखं. निघण्यापूर्वी सेव्ह करा, स्विच एकदा बंद करून चालू करा, सगळं परत आलं का बघा आणि मगच बूट घाला.

मग सेटिंगची फाइल उतरवून घ्या. एक प्रत गिऱ्हाइकाकडे, एक तुमच्याकडे, तीही वेगळ्या जागी. आपण कोल्हापूरकरांना हे समजवायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण बघितलंय. रॅक पाण्यात गेला तर स्विच नवीन मिळतो. कोणत्या पोर्टवर काय होतं ते मात्र कुणाला आठवत नाही. फाइल असेल तर त्याच मॉडेलचा नवा स्विच थोड्या वेळात कामाला लागतो. नसेल तर पहिल्यापासून सुरुवात. आणि हो, पूरपट्ट्यात रॅक तळघरात किंवा जमिनीलगत कधीच बसवू नका.

फर्मवेअर अपडेट कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, कामाची वेळ टाळून करा, आणि आधी बॅकअप.

कोटेशनमध्ये हे कसं मांडायचं?

गिऱ्हाइकासमोर "स्पॅनिंग ट्री" म्हणू नका. त्याच्या भाषेत बोला:

- "एका चुकीच्या केबलने अख्खं ऑफिस बंद पडणार नाही."
- "पाहुण्यांच्या वायफायवरून तुमचं बिलिंग दिसणार नाही."
- "कॅमेरा अडकला तर मी यायची वाट बघावी लागणार नाही."
- "स्विच जळाला तर सगळी सेटिंग माझ्याकडे तयार आहे."

दोन कोटेशन द्या, एक साध्याचं आणि एक मॅनेज्डचं. साध्याच्या खाली स्वच्छ लिहा, "यात वरील चार गोष्टी मिळणार नाहीत." निर्णय गिऱ्हाइकाचा. मी त्या वेळी रेट कमी करायला मॅनेज्ड काढलं हे चुकलंच, पण मोठी चूक म्हणजे काय काढलं ते मालकांना सांगितलं नाही.

आणि जिथे गरज नाही तिथे विकू नका. चार कॅमेरे आणि एक बिलिंग मशीन असलेल्या किराणा दुकानाला चांगला साधा पीओई स्विच पुरतो. त्याला तसं सांगा. तोच माणूस उद्या आपल्या मेहुण्याचं हॉस्पिटलचं काम तुम्हाला देईल.

ब्रँड निवडताना तीन प्रश्न विचारा. वॉरंटी कुठे आणि किती दिवसांत? ही सोय याच मॉडेलमध्ये आहे की वेगळं लायसन्स लागतं? क्लाउडचे वर्षाला पैसे आहेत का, आणि ते भरले नाहीत तर स्विच चालतो का? सर्व्हिस जवळ मिळणं महत्त्वाचं. डी-लिंकच्या भारतीय कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आणि डिजिसोल ब्रँडचं मूळ घर, दोन्ही आपल्या शेजारी गोव्यात, वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहेत. तरीसुद्धा ब्रँड कोणताही असो, लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीत बदलून कोण देणार, ते डीलरकडून आधी लिहून घ्या.

काम संपल्यावर हँडओव्हरची फाइल द्या. त्यात पोर्टचा तक्ता, व्हीलॅनचे नंबर, आयपी ॲड्रेस आणि बंद पाकिटात पासवर्ड. पासवर्ड गिऱ्हाइकाच्या मालकीचा आहे. तो अडवून धरून एएमसी घेणारे मी बघितलेत, पण त्यांचं नाव बाजारात फार दिवस टिकलेलं बघितलं नाही.

एएमसीमध्ये काय करणार तेही लिहा. दर तीन महिन्यांनी बॅकअप, एरर काउंटर, पीओईचा भार आणि फर्मवेअर तपासून एका पानाचा रिपोर्ट. न दिसणाऱ्या कामाचे पैसे कुणी आनंदाने देत नाही. रिपोर्टने ते काम दिसतं.

आता गृहपाठ

शिकायला मोठा खर्च लागत नाही. सिस्कोचं 'पॅकेट ट्रेसर' त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की मोफत मिळतं. स्विच विकत न घेता कॉम्प्युटरवर सगळं करून बघता येतं. हात बसला की एखादा वापरलेला मॅनेज्ड स्विच घ्या. या आठवड्यात पाच गोष्टी करा:

१. दोन स्विच दोन केबलने जोडा, कोणता पोर्ट बंद झाला ते शोधा.
२. मुखिया कोण झालाय ते बघा आणि बदला.
३. १०, २०, ३० असे तीन व्हीलॅन पाडा, दोन स्विचमध्ये ट्रंक करा.
४. एका पोर्टला बीपीडीयू गार्ड लावा, त्यात तिसरा स्विच जोडा, काय होतं ते लिहा.
५. बदल सेव्ह न करता स्विच रीस्टार्ट करा. मग सेव्ह करून करा. फरक बघा.

पाचवं नक्की करा. हे घरी एकदा अनुभवलं की साइटवर कधी विसरत नाही.

शिरोलीचे ते मालक नंतर माझ्याकडे परत आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार होतो, तेवढंच. पण त्यानंतर "हे परत होणार नाही याची गॅरंटी काय?" असं कुणी विचारलं की मी लॅपटॉप उघडतो, त्यांच्यासमोर केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचतो आणि तेवढा एकच पोर्ट बंद झालेला दाखवतो. बाकी काही बोलावं लागत नाही.

तुम्हीही हे करून दाखवायला शिका. पुढच्या व्हिडिओत हँडओव्हर फाइलचा नमुना पान उलटून उलटून बघू. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करा. भेटूच!